आजींच्या डब्यातले कोपेक आणि 1917 सालचं एक नाणं

पार्श्वभूमी

हे प्रकरण रिगा शहरातलं, म्हणजे आजच्या लाटव्हियाच्या राजधानीतलं. पहिल्या महायुद्धापर्यंत रिगा हे रशियन साम्राज्यातलं मोठं बंदर होतं, आणि तिथल्या बाजारात चालायचे ते रूबल आणि कोपेक (रूबलचा शंभरावा भाग). त्यामुळे तिथल्या जुन्या घरांत झारच्या काळातली चांदीची चिल्लर अजूनही निघते. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

संग्राहक मूळचा हुपरीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीकाम, त्यामुळे चांदीचा टंच, म्हणजे शेकडा शुद्धता, हा विषय त्याला लहानपणापासून ठाऊक. नोकरीसाठी तो रिगाला गेला आणि तिथे त्याला झारकाळातल्या बारक्या नाण्यांचा नाद लागला. बारकी म्हणजे 5, 10, 15 आणि 20 कोपेकची. रूबलवर आणि 25 व 50 कोपेकच्या नाण्यांवर 1886 पासून सम्राटाचा चेहरा असतो, आणि नवखे संग्राहक त्यांच्याच मागे धावतात. चिल्लरीवर चेहरा नाही, नावही नाही. एका बाजूला दुतोंडी गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुट, पानांची माळ, किंमत आणि साल. 1867 चं आणि 1915 चं 20 कोपेक शेजारी ठेवा, घाईत बघणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. ज्याला बारकाव्यात रस आहे त्याच्यासाठी खरी गंमत तिथेच आहे.

शेजारच्या इमारतीत रशियन बोलणाऱ्या एक वृद्ध बाई राहायच्या. त्यांना आपण आजी म्हणू. घर लहान करायचं म्हणून सामान आवरताना एक पत्र्याचा डबा निघाला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांच्या आजोबांचा, 'क्रांतीच्या वेळी बंद केलेला', म्हणजे 1917 मध्ये. शेजारच्या भारतीय मुलाला नाण्यांतलं कळतं हे आजींना माहीत होतं. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

डब्यात काय होतं

साठ-सत्तर नाणी. बहुतेक 1904 ते 1915 मधली 10, 15 आणि 20 कोपेकची, नखाएवढी काही 5 कोपेकची. 1916 सालची 10 आणि 15 कोपेकची दोन-तीन, गरुडाखाली एकही अक्षर नसलेली. 1861 चं एक 20 कोपेक, तेही बिनअक्षरी. 1916 चे काही लोखंडी कोपेक, एका बाजूला जर्मन आणि दुसऱ्या बाजूला रशियन मजकूर असलेले. पूर्व आघाडीवर जिंकलेल्या मुलखासाठी जर्मन सैन्याने ते पाडले होते. स्वतंत्र लाटव्हियाची 1924 ची एक लाटची चार नाणी (लाट हे तिथलं तेव्हाचं चलन). आणि एक 20 कोपेक, साल 1917.

त्या शेवटच्या नाण्यापाशी संग्राहकाचा हात थांबला. 1917 ची चांदीची चिल्लर पेत्रोग्रादच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या, टांकसाळीत पाडली गेली खरी, पण लोकांच्या हातात ती जवळजवळ आलीच नाही. त्या सालची 10, 15 आणि 20 कोपेकची नाणी आज दुर्मिळ आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर आहेत.

चिल्लर बाजारातून का गेली हे इथे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. 1867 पासून या छोट्या नाण्यांत निम्मी चांदी आणि निम्मं तांबं असायचं. त्याआधी, 1860 ते 1866 मध्ये, चांदी 75 टक्के होती. म्हणजे 1867 नंतरच्या चिल्लरीची दर्शनी किंमत तिच्या धातूपेक्षा बरीच जास्त होती, तरीही युद्ध लागल्यावर लोकांनी ती साठवायला सुरुवात केली. 1915 मध्ये सरकारला जाड कागदावर टपाल तिकिटांची चित्रं छापून 10, 15 आणि 20 कोपेकचं चलन काढावं लागलं. त्यावर दोन्ही निकोलस आणि पहिला अलेक्झांडर या झारांचे चेहरे होते, आणि मागे छापलं होतं की हे चांदीच्या चिल्लरीच्या बरोबरीनं चालेल. सरकारला असं छापून द्यावं लागतं तेव्हा खरी चिल्लर लोकांच्या डब्यांत गेलेली असते. आजींचा डबा त्यातलाच असावा असं पहिल्या नजरेला वाटत होतं.

प्रश्न

आजींचा प्रश्न सरळ होता: याचे किती येतील? घर बदलायचा खर्च होता आणि महिनाअखेरपर्यंत निर्णय हवा होता.

संग्राहकाचा प्रश्न तितका सरळ नव्हता. त्याच्याकडे दुसऱ्या निकोलसच्या काळातल्या 20 कोपेकची मालिका जवळजवळ पूर्ण होती आणि 1917 ची जागा रिकामी होती. किंमत सांगणारा तोच, आणि विकत घ्यायची इच्छा असलेलाही तोच. आजींना हे माहीत नव्हतं.

तिसरा प्रश्न आधीच घडून गेलेल्या गोष्टीचा. आजींच्या नातीने मदत म्हणून दहा-बारा नाणी ॲल्युमिनियमची पट्टी, खायचा सोडा आणि गरम पाणी वापरून 'स्वच्छ' केली होती. ती नाणी आता पांढरीफटक, निर्जीव दिसत होती. निम्मं तांबं असलेल्या नाण्यावर शंभर वर्षांत जो काळपट-तपकिरी थर बसतो, तो संग्राहकाला हवा असतो. हुपरीत दागिना रिठ्याच्या पाण्यात उजळतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. नाण्यांच्या बाजारात नेमकं उलटं. नात दुसऱ्या दिवशी उरलेली नाणी घासायला बसणार होती. संग्राहकाने सर्वात आधी ते थांबवलं, आणि या प्रकरणातला सर्वात स्वस्तात झालेला फायद्याचा निर्णय तोच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोनाराचा. आजी आधीच एका सोनाराकडे जाऊन आल्या होत्या. त्याने सगळी नाणी एकदम तराजूत टाकली आणि 50 टंचाच्या भावाने रक्कम सांगितली. इथे संग्राहकाच्या घरचं ज्ञान कामी आलं. लाटव्हियाची एक लाटची नाणी 835 शुद्धतेची (म्हणजे 83.5 टंचाची), 5 ग्रॅमची असतात, आणि 1861 चं 20 कोपेक 75 टंचाचं. ती 50 च्या भावात घालणं म्हणजे उघड नुकसान. त्याहून महत्त्वाचा हिशेब असा: 20 कोपेकच्या नाण्याचं वजन सुमारे 3.6 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 1.8 ग्रॅम. 15 कोपेकमध्ये 1.35, दहामध्ये 0.9, पाचमध्ये तर अर्धा ग्रॅमही नाही. संग्राहकाने हे हुपरीच्या काकांना फोनवर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "आरं, निम्मं तांबंच हाय की त्यात! गाळायचा खर्च तरी निघंल का?" चिल्लर चांदी म्हणून विकणं हा सर्वात वाईट सौदा, हे काकांनी नाणी न बघता सांगितलं.

दुसरा, संग्राहकाने स्वतः सगळा डबा विकत घेणं. आजींना ताबडतोब पैसे, त्याला मालिका पूर्ण. आजी आनंदाने हो म्हणाल्या असत्या.

तिसरा, शहरातल्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवणं. तो रोख देतो, पण स्वतःचा नफा काढून.

चौथा, लिलाव. बाल्टिक देशांत आणि फिनलंडमध्ये झारकाळातल्या नाण्यांना गिऱ्हाईक चांगलं आहे. मात्र दलाली जाते आणि पैसे हातात यायला महिने लागतात. साध्या 1914-15 च्या झिजलेल्या नाण्यांसाठी हा रस्ता उपयोगाचा नाही. ती ढिगाने मिळतात.

पाचवा फक्त 1917 च्या नाण्यासाठी: परदेशी प्रमाणन संस्थेकडे पाठवून ते सीलबंद डबीत परत मिळवणं. नाणं खरं ठरलं तर भाव वाढतो. खोटं ठरलं तर शुल्क, विमा आणि टपालखर्च अंगावर.

काय केलं

संग्राहकाने आजींना सांगितलं की हे एक नाणं मलाही हवं आहे, म्हणून त्याची किंमत मी सांगणार नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगावी. मग प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि साल अशी यादी करून एक प्रत आजींकडे, एक नातीकडे दिली. या यादीमुळे पुढे एकदाही वाद झाला नाही.

मात्र त्याच बैठकीत तो एक वाक्य जास्त बोलला. 1917 चं नाणं खरं असेल तर बाकीच्या सगळ्या डब्यापेक्षा महाग असू शकतं, असं त्याने सांगून टाकलं. त्यातला 'असेल तर' आजींच्या लक्षात राहिला नाही.

यादी करताना पहिली अडचण बिनअक्षरी नाण्यांची आली. 1867 नंतरच्या चिल्लरीवर गरुडाखाली टांकसाळीची अक्षरं असतात, सेंट पीटर्सबर्गची 'स-प-ब', आणि सोबत टांकसाळीच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं: 'अ-ग' म्हणजे अपोलोन ग्रासगोफ, 'ए-ब' म्हणजे एलिकुम बाबायांत्स, 1913 पासून 'व-स' म्हणजे विक्टर स्मिर्नोफ. रोमन लिपीची सवय असलेल्यांना ही शेवटची जोडी 'बीसी' दिसते, आणि काही विक्रेते ती तशीच लिहितात. 1914 मध्ये शहराचं नाव पेत्रोग्राद झालं, म्हणून 1915 पासून 'स-प-ब' गळलं आणि नुसतं 'व-स' राहिलं.

मग 1916 च्या नाण्यांवर काहीच का नाही? नातीने ठरवून टाकलं होतं की ती खोटी. प्रत्यक्षात ती अगदी अस्सल आणि साधी नाणी. युद्धात रशियाची टांकसाळ पुरी पडेना, तेव्हा 1916 चे 10 आणि 15 कोपेक जपानमध्ये, ओसाकाच्या टांकसाळीत पाडून घेतले गेले, आणि त्यांवर अधिकाऱ्याची अक्षरं घातली नाहीत. 1861 च्या नाण्याचंही तसंच: त्या वर्षी चिल्लरीचा काही भाग पॅरिस आणि स्ट्रासबूर्गमध्ये पाडला होता. अक्षरं नसणं हीच त्यांची ओळख. डब्यातली सर्वात संशयास्पद दिसणारी नाणी सर्वात निर्दोष निघाली.

आता 1917. त्यावर 'व-स' होतं, 'स-प-ब' नव्हतं, म्हणजे अक्षरं जशी हवीत तशीच. ही तपासणी महत्त्वाची आहे. 1911 च्या नाण्यातल्या शेवटच्या एकाचा सात करणं सोपं, पण 1911 वर 'स-प-ब' आणि 'ए-ब' असतं. ज्याला अक्षरं वाचता येतात तो अशी नक्कल एका नजरेत फेकून देतो. हे नाणं त्या चाळणीतून सुटलं. वजन 3.5 च्या वर, थोड्या झिजेला साजेसं. व्यास बरोबर. कडेच्या खाचा सलग. चुंबकाला दाद नाही.

पाण्यातलं वजन करून घनता काढायचा प्रयत्न त्याने केला. निम्मी चांदी, निम्मं तांबं म्हणजे घनता साधारण 9.67 यायला हवी. मात्र 3.6 ग्रॅमचं नाणं पाण्यात जेमतेम 0.37 ग्रॅम 'हलकं' होतं. घरच्या काट्याची चूक 0.01 ग्रॅमची धरली तरी उत्तर 9.4 ते 9.9 मध्ये कुठेही येऊ शकतं. रूबलसाठी ही चाचणी ठीक. चिल्लरीसाठी हजारांश ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर तिच्या नादी लागू नये.

नंतर सोनाराच्या क्ष-किरण यंत्रावर टंच पाहिला. तो 50 च्या थोडा वरच आला. यात काही काळंबेरं नाही: कमी चांदीच्या चकत्या पाडण्याआधी आम्लात टाकून पांढऱ्या करत, त्यात वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर चांदी जास्त राहते. यंत्र फक्त वरचा थर बघतं. त्या दिवशी तो खूश होऊन घरी गेला. चांदीच्या घरातल्या माणसाला टंच जुळला की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

इथेच तर्क घसरला होता. 1915 च्या खऱ्या नाण्याचा शेवटचा आकडा बदलला असेल तर धातू खराच असणार, वजन खरंच असणार, 'व-स' ही खरंच असणार. इतक्या सगळ्या चाचण्या झाल्या, पण त्यातली एकही या शक्यतेला हात लावत नव्हती.

डबा खरंच कधी बंद झाला होता?

शंका आली ती डब्यातल्या बाकीच्या नाण्यांवरून. 1924 ची लाटची नाणी आत होती, म्हणजे 'क्रांतीच्या वेळी बंद' ही गोष्ट तशीच्या तशी खरी नव्हती. डब्यातली झारची साधी चिल्लर 1915 सालापाशी जवळजवळ संपत होती. 1916 ची ओसाकाची नाणी रिगापर्यंत येणं शक्य होतं, कारण शहर सप्टेंबर 1917 पर्यंत रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. मग जर्मनांनी ते घेतलं, त्यांच्याबरोबर लोखंडी कोपेक आले. इथपर्यंत डबा शहराच्या इतिहासाशी जुळतो. पण पेत्रोग्रादमध्येच क्वचित हाती आलेलं 1917 चं नाणं आघाडीवरच्या शहरात, एका कुटुंबाच्या चिल्लरीत, झिजलेल्या अवस्थेत? जे नाणं चलनात फिरलंच नाही, ते झिजलं कुठे?

संग्राहकाने आजींना वेगळा प्रश्न विचारला: आजोबांनंतर या डब्यात कुणी काही टाकलं होतं का? आजी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या की नवऱ्याला नव्वदच्या दशकात जुन्या बाजारातून काहीबाही आणायची सवय होती. ही माहिती लपवलेली नव्हती. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग नाणं व्यापाऱ्याकडे नेलं. त्याने वजन केलं नाही, टंच बघितला नाही. सरळ सूक्ष्मदर्शकाखाली साल धरलं. पहिले तीन आकडे सारखे झिजलेले, कडा गोलावलेल्या. शेवटचा सात धारदार. त्याच्याभोवतीची सपाटी किंचित खोल आणि बारीक समांतर ओरखड्यांची, जिथे पाचाचं पोट खरवडून काढलं होतं. आडवी रेघ पाचाचीच राहिली होती, आणि खऱ्या 1917 च्या फोटोशी ताडून पाहिल्यावर सातचा कललेला पाय चुकीच्या जागी उतरत होता. नाणं 1915 चं होतं.

निष्पत्ती

व्यापाऱ्याने बाकीच्या नाण्यांचा लेखी भाव दिला. न घासलेल्या नाण्यांना त्याने एकेक करून किंमत लावली. घासलेली त्याने जवळपास धातूच्या भावातच मोजली. नातीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला असणार. लाटची नाणी वेगळी, 1861 वेगळं, लोखंडी कोपेक वेगळे, कारण त्यांचे संग्राहक वेगळे असतात. एकूण रक्कम सोनाराच्या आकड्यापेक्षा चांगलीच जास्त आली, पण आजींच्या मनात जी रक्कम बसली होती तिच्या पासंगालाही नव्हती. काही दिवस त्या संग्राहकाशी तुटक वागल्या. खोटं नाणं त्याने खोटं केल्यासारखं.

त्या नाण्याचं काय करायचं हाही निर्णय होता. नातीने 'साल बदललेलं' असं स्पष्ट लिहून विकायचं सुचवलं. व्यापारी नको म्हणाला: पहिला खरेदीदार ती चिठ्ठी वाचतो, तिसऱ्यापर्यंत चिठ्ठी पोचत नाही. नाणं आजींकडेच राहिलं, आणि सालाचे मोठे केलेले फोटो संग्राहकाने ओळखीच्या संग्राहकांना पाठवले.

वेगळं काय करता आलं असतं

चाचण्यांचा क्रम उलटा हवा होता. आधी विचारायचं की हे नाणं खोटं असेल तर ते कशा प्रकारे खोटं असेल; मग तो प्रकार पकडणारी चाचणी करायची. 1917 च्या चिल्लरीत निदान दोन शक्यता असतात, नव्याने ओतलेली किंवा ठशाने पाडलेली नक्कल, आणि आकडा बदललेलं खरं नाणं. वजन, घनता, टंच पहिल्या प्रकारासाठी. दुसऱ्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खऱ्या नाण्याचा चांगला फोटो, आणि तो सर्वात कमी खर्चाचा उपाय त्याने सर्वात शेवटी केला.

प्रमाणन संस्थेकडे न पाठवण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. स्थानिक जाणकाराने दहा मिनिटांत जे सांगितलं त्यासाठी आजींचे पैसे आणि दोन-तीन महिने गेले असते. व्यापाऱ्यालाही ठामपणे सांगता आलं नसतं तरच तो खर्च योग्य ठरला असता.

आजींना आशा लावणारं ते वाक्य टाळायला हवं होतं. 'एका नाण्याबद्दल मला खात्री नाही, तपासून सांगतो' एवढं पुरेसं होतं. स्वतःलाही ते नाणं हवं आहे हे उघड सांगणं आवश्यकच होतं. किंमतीचा अंदाज सांगणं नव्हतं.

एका मुद्द्यावर माझं आणि त्याचं अजून जमत नाही. हितसंबंध नको म्हणून त्याने आजींकडून एकही नाणं घेतलं नाही. मग पुढच्याच आठवड्यात त्याच व्यापाऱ्याच्या दुकानातून त्याच डब्यातली काही नाणी, मालिकेतल्या झिजलेल्यांच्या जागी बसवायला, दुकानाच्या भावाने विकत घेतली. माझं म्हणणं, व्यापाऱ्याचा लेखी भाव हातात आल्यावर हितसंबंधाचा प्रश्न सुटला होता. त्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन ती नाणी थेट आजींकडून घेतली असती, तर मधला नफा आजींना आणि त्याला वाटून मिळाला असता. तो म्हणतो, शेजारधर्मात असा हिशेब नको. नात माझ्या बाजूने आहे.